शंभरी ओलांडलेली कॉलेजची इमारत: वर मजला चढवायचा की मागे नवी बांधायची?

कौलारू (धागाकर्ता)

मंडळी, सल्ला हवाय. जिल्ह्याच्या गावातलं जुनं कॉलेज आहे, नाव मुद्दाम घालत नाही. मुख्य इमारत 1890 च्या दशकातली. काळ्या दगडाच्या घडीव भिंती, तळमजला आणि वर एक मजला, सागवानी तुळया, मंगलोरी कौलं, पुढे-मागे व्हरांडा. विज्ञान शाखा नव्या इमारतीत गेली तेव्हापासून निम्म्या खोल्यांत मोडके बाक आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. आता तिथे विद्यापीठाचं उपकेंद्र आणायचं घाटतंय. त्यासाठी ग्रंथालय, ऑनलाइन परीक्षांचा संगणक कक्ष, दोनशे माणसांचं सभागृह आणि कार्यालय एवढं त्यात बसवायचंय.

बैठकीत आलेला प्रस्ताव असा: कौलं उतरवायची, स्लॅब टाकायचा, त्यावर दुसरा मजला चढवायचा, सगळीकडे एसी. माजी विद्यार्थ्यांतर्फे मी समितीवर आहे. ऐकून पोटात गोळा आला, पण "बरं दिसणार नाही" यापलीकडे बोलायला काही नव्हतं. अध्यक्षांनी सरळ विचारलं, "मग तुम्हीच सांगा, जागा कुठून आणायची?" पुढची बैठक दिवाळीनंतर आहे. अशी कामं कुठे झाली, काय टिकलं, काय अंगाशी आलं, माहीत असेल ते लिहा.

बेरकी

कडू लागेल, पण लिहितो. आमच्या कॉलेजात पावसाळाभर वर्गात बादल्या ठेवलेल्या असायच्या आणि वर्षातून एकदा कुणीतरी येऊन कमानींचे फोटो काढून "काय वैभव!" म्हणून जायचं. मागच्या बाजूला मुलींच्या स्वच्छतागृहाला धड कडी नव्हती, तिकडे कुणी कॅमेरा वळवला नाही. वैभव बघायला येणाऱ्यांना तिथे शिकायचं नसतं. स्लॅब टाका, नाहीतर पाडा, पण वापरात आणा. कुलूप लावून ठेवाल तर वाळवी आणि पारवे तुमचं काम सोपं करतील.

अभियंता७३

बेरकी यांचं निम्मं पटलं. वापरात आणा, हे अगदी बरोबर. पण स्लॅबचं गणित आधी मांडू.

मंगलोरी कौलं रिपांसकट धरली तर चौरस मीटरला साधारण 65 किलो भरतात. पाच इंची काँक्रीटचा स्लॅब नुसता 300 किलोच्या वर जातो. त्यावर गिलावा, लाद्या, वॉटरप्रूफिंग, मग नव्या मजल्याच्या भिंती, माणसं, फर्निचर. म्हणजे ज्या भिंतींनी सव्वाशे वर्षं छत्री धरली, त्यांच्या डोक्यावर आपण घर ठेवणार. दगडी भिंती दाबाला भक्कम असतात, तेवढा उभा भार कदाचित पेलतीलही. घात आडव्या धक्क्याला होतो. जुन्या जाड भिंतींत बाहेरचा दगड आणि आतला दगड यांच्यामध्ये बऱ्याचदा चिपा-मातीची भर असते, दोन्ही पदरांना सांधणारे लांब दगड कमी असतात. भूकंपात हे पदर सुटे होतात. वर जितकं वजन जास्त, तितका धक्का मोठा. गाव कुठलं ते विचारत नाही, पण सातारा-सांगली पट्ट्यात असाल तर 1967 चा कोयनेचा भूकंप समितीतल्या वयस्कर मंडळींना आठवत असेल.

"मग आतून आरसीसीचे खांब उभे करू" असं पुढच्या बैठकीत कुणीतरी म्हणणारच. ते करता येतं. पण त्यासाठी जुन्या पायाला लागून नवे खड्डे खणावे लागतात. जुना पाया किती खोल आहे आणि कशावर टेकलाय हे न बघता तिथे खणणं म्हणजे सगळ्यात मोठी जोखीम घेणं. आधी इमारतीची पूर्ण मोजणी करून घ्या, दोन-तीन ठिकाणी पायापर्यंत चाचणी खड्डे घ्या, प्रत्येक तुळईचं भिंतीत गेलेलं टोक ठोकून बघा. तुळई मधे ठणठणीत आणि टोकाला भुसा झालेली, असं हमखास सापडतं, कारण ओल भिंतीतून येते. टोक कापून नवं सागवान सांधता येतं, अख्खी तुळई टाकून द्यायची गरज नसते. स्ट्रक्चरल ऑडिट करणारा माणूस दगडी बांधकाम कळणारा हवा. फक्त काँक्रीटवर हात बसलेला असेल तर तो भिंतीला हातोडी लावेल आणि अहवालात "धोकादायक" लिहून मोकळा होईल.

फोर्टवाला

"नवा वापर" म्हटलं की इमारतीवर अत्याचार चाललाय असं वाटतं. मुंबईतल्या कॉलेजांचा इतिहास बघितला तर ही अदलाबदल पहिल्यापासून चालू आहे.

काळा घोड्याजवळची एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत घ्या. आराखडा जेम्स ट्रबशॉचा, बांधकाम खानबहादूर मुंचरजी मर्झबान यांच्या देखरेखीखाली, 1880 च्या दशकातलं. ती मुळात कॉलेजसाठी नव्हतीच, सरकारी छापखान्यासाठी योजलेली होती. कॉलेज तिथे नंतर आलं आणि राज्याचं पुराभिलेखागारही त्याच वास्तूत आहे. त्याआधी एल्फिन्स्टन कॉलेज भायखळ्याला होतं, राणीच्या बागेसमोर, तीही इमारत ट्रबशॉचीच. कॉलेज तिथून हललं, मग व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आपलं व्हीजेटीआय, तिथे आलं. ते 1923 साली माटुंग्याला गेलं आणि त्या इमारतीत रेल्वेचं हॉस्पिटल झालं. कॉलेज, तंत्रशाळा, हॉस्पिटल! उंच छत, रुंद व्हरांडे, दोन्ही बाजूंनी वारा आणि मोठे जिने असले की अशी इमारत बरंच काही पोटात घेते.

आता फोर्टमधलं मुंबई विद्यापीठ. दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवरसह ग्रंथालय, दोन्हींचे आराखडे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने लंडनमध्ये बसून केले, मुंबईत पाऊल न ठेवता. सभागृह 1874 चं, कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून झालेलं. टॉवर 1878 ला पुरा झाला, पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या आईचं. टॉवरवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे पुतळे आहेत, ते मुकुंद रामचंद्र या आपल्याकडच्या सहायक अभियंत्याने घडवले. (स्कॉटचं नाव सगळे घेतात, मुकुंदरावांचं कुणी घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.)

मुद्दा असा की विद्यापीठ वाढलं तेव्हा त्यांनी ग्रंथालयावर मजला चढवला नाही. 1971 पासून विभाग उपनगरातल्या कालिन्याला गेले. फोर्टची जागा हलकी झाली आणि सभागृह सभागृहच राहिलं, वाचनकक्ष वाचनकक्षच राहिला. पुढे जीर्णोद्धार करताना त्याचा फायदा झाला, कारण घुसडलेलं काढण्यापेक्षा मूळचं सावरणं सोपं असतं. आधी सभागृहाचं काम आभा नारायण लांबा यांनी केलं. नंतर 2013 ते 2015 मध्ये टॉवर आणि ग्रंथालयाचं काम बृंदा सोमय्यांच्या कार्यालयाने केलं. त्याला टीसीएसने पैसा दिला आणि इंडियन हेरिटेज सोसायटीचा मुंबई विभाग बरोबर होता. रंगीत काचा उतरवून, साफ करून, तुटलेल्या जागी नव्या बसवल्या. 2018 साली त्याला युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक पुरस्कारांत सन्माननीय उल्लेख मिळाला. त्याच वर्षी तो सगळा व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको परिसर जागतिक वारसा यादीत गेला.

बेरकी

फोर्टवाला, कालिन्याला जागा होती, टीसीएसकडे पैसा होता. कौलारूंच्या गावात टीसीएस नाही, पतसंस्था आहे.

फोर्टवाला

मान्य. पण जागा त्यांच्याकडे आहे का, हे अजून त्यांनी सांगितलंच नाही. कौलारू, मागे काय आहे?

कौलारू

मागे सायकल स्टँड, त्यापलीकडे पत्र्याची कँटीन आणि एक बंद पडलेली टाकी. मोजलं नाही, पण मुख्य इमारतीच्या निम्म्या तरी लांबीची पट्टी सहज निघेल. ती जागा बैठकीत कुणाच्या तोंडी आली नाही, माझ्याही नाही.

ग्रंथपाल_निवृत्त

मग ग्रंथालय त्या पट्टीवर न्या. मी आयुष्यभर पुस्तकं उचलली आहेत, वजन काय ते पाठीला विचारा. वर्गखोलीसाठी जमीन चौरस मीटरला 300 किलो धरून आखतात. पुस्तकांच्या मांडण्यांसाठी आपल्या भारतीय मानकात 600 किलोपासून सुरुवात होते, तीही 2.2 मीटर उंचीपर्यंत. मांडणी जितकी उंच तितकी भर, आणि ती रुळांवर सरकणारी लोखंडी कपाटं घेतलीत तर आणखी. तुमच्या वरच्या मजल्याच्या सागवानी तुळयांवर वर्ग भरत होते. तिथे संदर्भग्रंथांचा विभाग नेलात तर पहिल्या दोन-तीन वर्षांत तक्तपोशी मधे झोल खाईल.

वाचनकक्ष मात्र जुन्या इमारतीतच ठेवा. उंच खिडक्या, उत्तरेचा उजेड, शांतता हे पैसे देऊनही नव्या बांधकामात मिळत नाही. पुस्तकं मागे, वाचक पुढे, मधे झाकलेली वाट.

एसीबद्दलही थोडं. आमच्याकडे दुर्मीळ पुस्तकांच्या खोलीला एसी बसवला आणि संध्याकाळी पाच वाजता वीज वाचवायला बंद करायला लागले. पावसाळ्यात दिवसभर थंड झालेल्या भिंतींवर रात्री दमट हवा आली की पाणी धरायचं. दोन महिन्यांत बुरशी. त्याआधी नुसत्या पंख्यावर आणि उघड्या खिडक्यांवर ती पुस्तकं ऐंशी वर्षं नीट होती. एसी लावायचाच तर चोवीस तास चालवायची तयारी हवी, नाहीतर नको. ज्या खोलीत संगणक आहेत तिथे त्याची गरज आहे, म्हणून ती खोलीही नव्या भागात बरी.

गवंडी_तिसरी_पिढी

माझे आजोबा चुन्याचं काम करायचे, वडिलांनी सिमेंट धरलं, मी परत चुन्यावर आलोय. त्यामुळे दोन्हीकडचं बोलतो.

कौलारू, भिंतीच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, बघा. मधे कधीतरी कुणीतरी सिमेंटने भरल्या असणार, पैजेवर सांगतो. चुन्याची दरज ओल बाहेर सोडते. सिमेंट तिचं तोंड बंद करतं. मग ओल कुठून निघणार? तुमचा दगड काळा, कठीण, तो फारसा झिजत नाही, पण पाणी आत अडकून खाली बसतं आणि तुळईच्या टोकाकडे जातं. अभियंतासाहेबांनी भुसा झालेलं टोक सांगितलं ना, त्याचं मूळ पुष्कळदा छपरात नसून दरजेत असतं. मुंबईत पोरबंदरी दगड आहे, तो मऊ, तिथे सिमेंटने दगडाचा पापुद्राच सुटतो.

त्या दरजा हातछिन्नीने खरवडायच्या. ग्राइंडर लावू द्यायचा नाही, दगडाच्या कडा जातात. चुना किमान काही आठवडे पाण्यात मुरलेला हवा, दुकानातली पावडर कालवून त्याच दिवशी लावली तर ती उडून जाणार. त्यात सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, आणि वाळू. गूळ, बेलफळ, हिरड्याचं पाणी हे आमचे आजोबा घालायचे, आम्हीही घालतो, पण त्याचं प्रमाण यूट्यूबवर बघून ठरवू नका. तुमच्या भिंतीतला जुना चुना प्रयोगशाळेत तपासून त्याच्या जवळपास जायचं. आणि पावसात हे काम काढायचं नाही. दसऱ्यानंतर सुरू, उन्हाळ्याआधी संपवा, मधे पोती भिजवून पाणी मारत राहा. ऊन लागलं की चुना भाजतो.

आणखी एक. दगडाला ऑइल पेंट मारला असेल तर आधी तो काढायचा. कॉलेजांचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती येणार म्हणून रात्रीत रंगवलेल्या दगडी इमारती मी डझनाने बघितल्यात.

सातारी_कंदी

नॅक!! आमच्याकडे घडीव दगडावर रंग मारून वर पांढऱ्या रेघांनी "दगड" काढले होते. खऱ्या दगडावर खोटा दगड.

खडकीकर

पुण्याची दोन उदाहरणं देतो, दोन्ही कौलारूंच्या कामाची.

गणेशखिंडीतली विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे मुंबईच्या गव्हर्नराचा पावसाळी बंगला. बार्टल फ्रेअरच्या काळात 1864 साली काम सुरू झालं, संपायला 1871 उजाडलं आणि खर्चावरून फ्रेअरवर बरीच टीका झाली. आराखडा पुन्हा ट्रबशॉचाच. 22 जून 1897 ला राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ इथेच होता, तिथून परतताना चापेकरांनी रँडला गाठलं. 1949 साली विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा बॅरिस्टर जयकर कुलगुरू झाले आणि हा बंगला चारशेहून जास्त एकरांच्या आवारासह विद्यापीठाच्या हातात आला. मेजवान्यांच्या दालनांत सभा सुरू झाल्या, राहायच्या खोल्यांत कार्यालयं आली. विभाग, ग्रंथालय, वसतिगृहं मात्र आवारात वेगळी बांधली. पुढे या इमारतीचा जीर्णोद्धार झाला तो वारसावास्तू म्हणून, कारण तोवर तिच्यावर फार काही लादलं गेलं नव्हतं. नोकरांनी जेवण आणायचा भुयारी रस्तासुद्धा तिथे आहे. तळघरं, भुयारं, बंद केलेली दारं जुन्या इमारतीत निघतातच, तेव्हा तुमच्याही इमारतीचे जुने नकाशे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दप्तरात शोधा.

दुसरं डेक्कन कॉलेज. येरवड्याची ती गॉथिक इमारत 1868 पासून वापरात, जमशेटजी जीजीभाईंच्या लाखभर रुपयांच्या देणगीतून आणि सरकारी पैशातून झालेली, आराखडा कॅप्टन विल्किन्स यांचा. टिळक, आगरकर इथले विद्यार्थी. सरकारने 1934 साली कॉलेज बंद केलं. माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत, कोर्टात गेले, आणि 1939 साली ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. पदवीचे वर्ग गेले, भाषाशास्त्र आणि पुरातत्त्व आलं. पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे दोघंही त्याच वर्षी रुजू झाले. तेव्हा कौलारू, माजी विद्यार्थ्यांतर्फे समितीवर आहात ना, ती खुर्ची हलकी समजू नका. टिळकांची खोली अजून जपलेली आहे, आणि ती जपायला आख्ख्या इमारतीचं संग्रहालय करावं लागलं नाही.

अनुराधा_वि

मी व्हीलचेअर वापरते म्हणून विचारते. इतक्या प्रतिसादांत लिफ्टचा शब्द नाही. वरच्या मजल्यावर सुंदर वाचनकक्ष, मग मी खाली बसून यादी पाठवायची का? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारत सुगम करणं बंधनकारक आहे. "वारसा आहे, हात लावता येत नाही" हे उत्तर मला तीन ठिकाणी मिळालंय, आणि त्याच ठिकाणी एसीचे डबे दर्शनी कमानीवर लावलेले होते.

अभियंता७३

अनुराधाताई, चूक दाखवलीत ते बरं झालं. उत्तरही मागच्या पट्टीतच आहे. लिफ्ट जुन्या इमारतीत खोदायची नाही. मागच्या नव्या भागात घ्यायची आणि वरच्या मजल्यावर एक छोटा पूल मागच्या व्हरांड्याला जोडायचा. जोडायचा म्हणजे टेकवायचा नाही. नव्या भागाचा पाया वेगळा, मधे फट, फटीवर सरकती पट्टी. भूकंपात दोन्ही इमारती आपापल्या चालीने हलल्या पाहिजेत. स्वच्छतागृहं, पाण्याच्या टाक्या, जनरेटर, विजेचा मुख्य बोर्ड, सगळं त्या भागात. जुन्या इमारतीत पाणी जितकं कमी खेळेल तितकं चांगलं. दुसरा जिनाही तिथेच मिळतो, अग्निशमनवाल्यांची ना-हरकत सोपी होते. तळमजल्याला पुढूनच रॅम्प द्या, मागच्या दाराने आणणं अपमानास्पद असतं.

नव्या भागाला कमानी आणि खोटे दगड लावायच्या फंदात पडू नका. साधा, बुटका, जुन्याच्या पाठीमागे झाकला जाईल एवढा.

फोर्टवाला

तुमच्या गावात वारसा यादी आहे का ते नगरपालिकेत विचारा. मुंबईत 1995 च्या नियमावलीपासून श्रेणी ठरलेल्या आहेत. पहिल्या श्रेणीत जवळपास हात लावता येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत आतले बदल, वापर बदलणं, त्याच आवारात जोडइमारत, हे छाननीनंतर मिळू शकतं. यादी नसेल तरी अर्जात तीच भाषा वापरा, समितीला वजन वाटतं.

बेरकी

ठीक, हरलो म्हणा. पण टेंडरचं काय? सगळ्यात कमी दराला काम. नेहमीच्या दरसूचीवरून अंदाजपत्रक निघणार, त्यात "प्लास्टर, सिमेंट, 1:4" हेच येणार. तुमचे तीन पिढ्यांचे गवंडी पात्रतेच्या अटीतच बाद, कारण त्यांची उलाढाल कोटीत नाही.

गवंडी_तिसरी_पिढी

हे मात्र खरंय. मी स्वतः दोनदा असाच बाहेर पडलो.

ग्रंथपाल_निवृत्त

दोन टेंडर काढा. मागची नवी इमारत नेहमीच्या पद्धतीने, तिथे स्पर्धा होऊ दे. जुन्या इमारतीचं काम वेगळं, आणि तिथे आधी वास्तुसंवर्धनातला वास्तुविशारद नेमून बाबवार दरविश्लेषण, म्हणजे प्रत्येक कामाचा वेगळा दर, काढून घ्या. अट उलाढालीची ठेवण्यापेक्षा चुन्याच्या केलेल्या कामाची ठेवा, आणि निविदा उघडायच्या आधी प्रत्येकाने एक मीटर भिंतीचा नमुना करून दाखवायचा. आमच्या ग्रंथालयाच्या बांधणीच्या कामाला आम्ही हेच केलं होतं: आधी एक पुस्तक बांधून दाखव. अर्धे लोक तिथेच गळाले.

कौलारू

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. काल टेप घेऊन मागे गेलो होतो, शिपाईमामांनी दुसरं टोक धरलं. सायकल स्टँड आणि कँटीन हलवली तर तळ अधिक दोन मजल्यांत ग्रंथसाठा, संगणक कक्ष, स्वच्छतागृहं आणि लिफ्ट बसतंय असं कच्च्या हिशेबात दिसतंय. जुन्या इमारतीत खाली कार्यालय, वर वाचनकक्ष. गवंडीदादा, दरजांची पैज तुम्ही जिंकलात, दक्षिणेची अख्खी भिंत सिमेंटने भरलेली आहे.

सभागृह मात्र कुठेच बसत नाहीये. दोनशे माणसं वरच्या मजल्यावर नेणं आता मलाच पटत नाही.

अभियंता७३

नेऊ नका. दोनशे माणसं एकदम उठली की जमिनीवर येणारा भार वर्गासारखा नसतो. तळमजल्यावर मधली भिंत नंतर घातलेली आहे का बघा. जुन्या कॉलेजांत मोठी दालनं पुढे प्लायवूड नाहीतर अर्ध्या विटेच्या भिंतीने तोडलेली असतात.

कौलारू

कार्यालय आणि परीक्षा विभाग यांच्यामधली भिंत अर्ध्या विटेचीच आहे! वरती छतापर्यंत गेलेलीसुद्धा नाही. पण मग कार्यालय कुठे?

बेरकी

कार्यालय मागे न्या. प्राचार्य चिडतील, पण स्वच्छतागृहाला कडी लागेल.

सातारी_कंदी

कँटीन हलवताय त्याचं कुणी काही बोललं नाही अजून. तिथल्या मालकाला आत्ताच जागा दाखवा, नाहीतर अख्खं काम स्थगितीत जाईल.